सहाचाकी पिकअपचे मागचे ब्रेक ड्रम : कसे काढावेत, काय तपासावे, कुठे थांबावे

अहिल्यानगर जिल्ह्यातला शेतमाल बाजारात जातो तो बहुतेक रस्त्याने. घोडेगाव, नेप्ती, राहाता, संगमनेर, कोपरगाव इथल्या मार्केटला कांदा, वाशीला भाजीपाला आणि डाळिंब, संकलन केंद्रावर दूध आणि परत येताना खत, पेंड, सिमेंट. या कामासाठी अनेक शेतकऱ्यांकडे आणि गटांकडे मागे जोडचाके असलेली सहाचाकी गाडी असते. टाटा ४०७ ही १९८६ मध्ये बाजारात आलेली गाडी आजही अनेक गावांत चालते. त्याच वर्गातल्या इतर कंपन्यांच्या गाड्याही आहेत.

या गाडीच्या इंजिनाकडे, टायरकडे आणि पाट्यांकडे आपण लक्ष देतो. मागचे ब्रेक मात्र जोडचाकांच्या आड लपलेले असतात. दोन चाके आणि जड ड्रम काढल्याशिवाय आतले काहीच दिसत नाही. म्हणून ‘ब्रेक लागतोय ना, मग राहू दे’ असे म्हणत एक हंगाम जातो, दुसराही जातो. आणि ब्रेकची खरी परीक्षा होते ती भरल्या गाडीने चंदनापुरी, करंजी, माळशेज किंवा कसारा घाट उतरताना.

उन्हाळी कांदा काढणीला येण्याआधी, म्हणजे फेब्रुवारीत, आणि पावसाळ्यापूर्वी मे अखेरीस मागचे ड्रम उघडून पाहावेत. हे काम स्वतः करायचे असो किंवा मेस्त्रीकडून करून घ्यायचे असो, त्याचा क्रम आणि त्यातले धोके गाडीमालकाला माहीत असले पाहिजेत. या लेखात तेच दिले आहे.

हा लेख ऑइल ब्रेकच्या म्हणजे हायड्रॉलिक ब्रेकच्या गाड्यांसाठी आहे. हवेवर चालणारे ब्रेक असलेल्या मोठ्या गाड्यांत हँडब्रेकच्या चेंबरमध्ये अतिशय ताकदीची स्प्रिंग दाबून बसवलेली असते. ते चेंबर घरी उघडू नये.

घाटात ब्रेक का सुटतो?

ब्रेक गाडीचा वेग उष्णतेत बदलतो. भरून ५ टन झालेली गाडी ३०० मीटर उंचीचा घाट उतरते तेव्हा जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, तेवढ्या ऊर्जेत ४५ लिटरपेक्षा जास्त पाणी २५ अंशांवरून उकळीला येईल. यातला काही भाग इंजिन आणि वारा घेतो. गाडी टॉप गिअरमध्ये किंवा न्यूट्रलमध्ये सोडली, तर जवळजवळ सगळा भार ड्रम आणि लायनरवर पडतो.

ड्रम तापला की तीन गोष्टी घडतात.

- ड्रम फुगतो आणि लायनरपासून लांब जातो. त्यामुळे पेडल नेहमीपेक्षा खोल जाते.
- लायनरची पकड कमी होते. पेडल कडक लागते, पण गाडी थांबत नाही.
- चाकातल्या सिलेंडरमधले ब्रेक ऑइल तापते. त्यात ओलावा मुरलेला असेल तर वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि पेडल एकदम पोकळ जाते.

लायनर झिजलेले, ड्रम पातळ झालेला किंवा एका बाजूला ऑइल लागलेले असेल, तर हीच वेळ लवकर येते. ज्या बाजूचा ब्रेक चांगला आहे त्या बाजूवर सगळा भार येतो आणि गाडी तिकडे ओढली जाते.

ड्रम उघडायची वेळ आली हे कसे ओळखावे?

पुढीलपैकी एकही लक्षण दिसले तर हंगामाची वाट पाहू नये.

- पेडल पूर्वीपेक्षा खोल जाते, किंवा दोन-तीनदा दाबल्यावरच ब्रेक लागतो.
- ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढते.
- ब्रेक लावताना लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज येतो.
- टाकीतले ब्रेक ऑइल वरचेवर कमी होते.
- आतल्या टायरच्या आतील बाजूला किंवा ब्रेक प्लेटच्या खाली ओल आणि चिकट धूळ दिसते.
- फेरी मारून आल्यावर एका बाजूचे चाक दुसऱ्यापेक्षा जास्त तापलेले असते किंवा करपट वास येतो.
- हँडब्रेक पूर्ण ओढूनही गाडी उतारावर सरकते.

आधी गाडीची रचना ओळखा

सहाचाकी गाड्यांच्या मागच्या ड्रमची रचना मुख्यतः दोन प्रकारची असते. काम सुरू करण्यापूर्वी आपली गाडी कोणत्या प्रकारची आहे हे माहितीपुस्तिकेत पाहावे किंवा अनुभवी मेस्त्रीला विचारावे.

पहिला प्रकार : हबच्या बाहेरून बसणारा ड्रम. ड्रम बाहेरून स्टडवर सरकवलेला असतो आणि एक-दोन लहान, खोलगट डोक्याच्या स्क्रूंनी हबला धरलेला असतो. चाके काढली की ड्रम सरळ बाहेर ओढता येतो. हब, बेअरिंग आणि ॲक्सलला हात लावावा लागत नाही.

दुसरा प्रकार : हबसोबत निघणारा ड्रम. यात ड्रम हबच्या आतल्या बाजूने बोल्टने जोडलेला असतो. ड्रम काढायचा तर ॲक्सल शाफ्ट, बेअरिंगचा नट आणि संपूर्ण हब बाहेर काढावा लागतो. या कामाला मोठा बॉक्स पाना, नवीन ऑइल सील आणि बेअरिंग बसवण्याचा सराव लागतो.

चाकाच्या मध्यभागी बाहेर आलेला गोल भाग आणि त्यावर कडेने बोल्ट दिसतात, ते ॲक्सल शाफ्टचे बोल्ट. अशा गाडीत वजन शाफ्टवर नसते, ते हाऊसिंगवरच्या बेअरिंगवर असते. म्हणून चाक जागेवर असतानाही शाफ्ट बाहेर येतो. हे बोल्ट दिसले म्हणून ड्रम दुसऱ्या प्रकारचा आहे असे समजू नये. पहिल्या प्रकारातही ते असतात आणि तिथे ते सोडण्याची गरज नसते.

सर्वांत मोठा धोका : गाडी घरंगळणे

‘गाडी गिअरमध्ये आहे, हँडब्रेक लावला आहे, मग कुठे जातेय?’ हा समज या कामात जीवावर बेतू शकतो. त्याची कारणे अशी.

- हँडब्रेक मागच्या ड्रमवर चालत असेल, तर ड्रम काढण्यासाठी तो सोडावाच लागतो. तो ओढलेला असेल तर शू ड्रमला धरून ठेवतात.
- काही गाड्यांत हँडब्रेक गिअरबॉक्सच्या मागे, जॉइंट शाफ्टवर असतो. मागचे एक चाक उचलले की डिफरन्शियलमुळे उचललेले चाक उलटे फिरते आणि जमिनीवरचे चाक मोकळे होऊन गाडी सरकू शकते. गिअरचेही तसेच आहे.
- एक ॲक्सल शाफ्ट बाहेर काढला की गिअर आणि जॉइंट शाफ्टवरचा हँडब्रेक दोन्ही निकामी होतात. गाडीला धरून ठेवणारे काहीच उरत नाही.

म्हणून या कामात गाडी धरून ठेवतात ते फक्त चाकाला लावलेले ठोकळे. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून, असे चार ठोकळे लावावेत. मागचे जे चाक जमिनीवर राहणार आहे त्यालाही दोन्ही बाजूंनी लावावेत. ठोकळे लाकडाचे, तिरपे कापलेले आणि चाकाला घट्ट टेकलेले असावेत. गोटा, वीट किंवा मातीचे ढेकूळ चालणार नाही.

तयारी

- गाडी पूर्ण रिकामी करावी. ‘चार गोण्या राहिल्यात, त्याने काय होते’ असे करू नये.
- जागा सपाट आणि टणक असावी. काळ्या मातीच्या शेतात किंवा खळ्यावर जॅक लावू नये. जमीन वरून कडक दिसते, पण वजन आले की जॅक तिरका होऊन खचतो. सिमेंटचा कोबा उत्तम. तो नसेल तर मुरमावर जाड, रुंद फळी ठेवून त्यावर जॅक लावावा.
- गाडी नुकतीच चालून आली असेल तर ड्रम थंड होऊ द्यावेत.
- दोन माणसे असावीत. मुलांना लांब ठेवावे.
- साहित्य : वजन पेलणारा हायड्रॉलिक जॅक, दोन लोखंडी घोड्या, व्हील पाना आणि पाईप, रिंग पाने, मोठा स्क्रूड्रायव्हर, हातोडा, लाकडी ठोकळा, गंज सोडवणारे स्प्रे ऑइल, ट्रे, पाण्याची फवारणी बाटली, फडके, मास्क आणि हातमोजे.

जोडचाके काढणे

१. चाकांची पाहणी करावी. दोन टायरच्या मध्ये दगड अडकलेला असेल तर काढावा. रिमला वेगळी लोखंडी रिंग असेल आणि रिम तडकलेली, रिंग सरकलेली किंवा टायर बसलेला दिसला, तर नट सोडण्याआधी बाहेरच्या आणि आतल्या दोन्ही टायरमधली हवा पूर्ण काढावी. दाबाखालची रिंग सुटली तर समोरच्या माणसाचा जीव जाऊ शकतो.

२. नट जमिनीवरच सैल करावेत. चाक टेकलेले असताना प्रत्येक नट अर्धा फेरा सैल करावा. चाक उचलून पाईपवर जोर लावला तर गाडी घोडीवरून ढकलली जाते. काही जुन्या गाड्यांत डाव्या बाजूच्या स्टडला उलटे आटे असतात आणि स्टडच्या टोकावर ‘एल’ खूण असते. नट अजिबात हलत नसेल तर अधिक जोर लावण्याआधी ही खूण पाहावी.

३. जॅक लावावा. जॅक ॲक्सल हाऊसिंगखाली, पाट्याच्या बैठकीजवळ लावावा. डिफरन्शियलच्या गोळ्याखाली किंवा ब्रेकच्या पाईपवर लावू नये. एका वेळी एकच बाजू उचलावी.

४. घोडी लावल्याशिवाय पुढे जाऊ नये. चाक जमिनीपासून सुटले की हाऊसिंगखाली घोडी ठेवून वजन घोडीवर सोडावे. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नसतो. त्याचे सील कधी सुटेल सांगता येत नाही. घोडी टेकल्यावर गाडी हाताने हलवून पाहावी. ती इथे डगमगली तर चाके काढल्यावर नक्की पडेल.

५. चाके उतरवावीत. बाहेरचे चाक काढण्याआधी खडूने ‘बाहेर’ आणि आतल्या चाकावर ‘आत’ अशी खूण करावी. व्हॉल्व्हची दिशा लक्षात ठेवावी. बाहेरचे चाक निघाल्यावर आतले चाक स्टडवर अडकून बसले असेल तर टायरला आतून लाकडाने हलके ठोकावे. काढलेली चाके गाडीच्या चेसिसखाली आडवी सरकवून ठेवावीत. घोडी सरकलीच तर गाडी चाकांवर टेकते आणि माणूस वाचतो.

ड्रम काढणे : बाहेरून बसणारा प्रकार

आधी हँडब्रेक सोडावा. मागच्या ड्रमवरचा हँडब्रेक असेल तर लिव्हर पूर्ण खाली आहे आणि वायर सैल झाली आहे हे पाहावे. वायर गंजून अडकली असेल तर लिव्हर खाली असूनही शू उघडे राहतात.

शू आत घ्यावेत. ब्रेक प्लेटच्या मागे रबरी बुचाखाली छिद्र किंवा ॲडजस्टरचे बाहेर आलेले टोक असते. ते फिरवून शू ड्रमपासून लांब घ्यावेत. बरोबर दिशेने फिरवल्यावर ड्रम हाताने मोकळा फिरतो. चुकीच्या दिशेने फिरवल्यास तो आणखी जखडतो. ज्या गाडीत आपोआप ॲडजस्ट होणारी रचना आहे, तिथे आतली कळ स्क्रूड्रायव्हरने बाजूला धरून मगच ॲडजस्टर फिरवावा लागतो.

धरून ठेवणारे स्क्रू काढावेत. हे स्क्रू गंजून बसलेले असतात आणि घाई केली तर त्यांची खाच मोडते. आधी स्प्रे ऑइल मारून अर्धा तास थांबावे. मग खाचेत घट्ट बसणारा स्क्रूड्रायव्हर ठेवून मागून हातोड्याने दोन-तीन ठोके द्यावेत आणि फिरवावे. ठोक्यावर फिरणारा इम्पॅक्ट स्क्रूड्रायव्हर असेल तर काम सोपे होते.

ड्रम बाहेर घ्यावा. ड्रम दोन्ही हातांनी सारखा ओढावा. तो जड असतो, पायावर पडणार नाही याची काळजी घ्यावी. अनेक ड्रमला आटे पाडलेली दोन छिद्रे असतात. त्यांत योग्य मापाचे बोल्ट घालून ते आळीपाळीने थोडे थोडे आवळले की ड्रम हबपासून सरळ सुटतो. एकाच बोल्टवर जोर दिला तर ड्रम तिरका होऊन अधिक अडकतो.

ड्रम निघत नसेल तर

जोर वाढवण्याआधी तो कशाने अडला आहे ते ओळखावे.

- ड्रम फिरतच नाही : शू धरून बसले आहेत. हँडब्रेक आणि ॲडजस्टर पुन्हा पाहावेत.
- ड्रम फिरतो, थोडा बाहेर येतो आणि अडतो : झिजेमुळे ड्रमच्या आतल्या कडेला ओठ तयार झाला आहे आणि शू त्यामागे अडकले आहेत. शू आणखी आत घ्यावेत. ओढाताण केली तर शू धरणाऱ्या पिना आणि स्प्रिंगा तुटतात.
- ड्रम फिरतो, पण हबसोबतच, आणि बाहेर जराही येत नाही : मधल्या गोलावर गंज धरला आहे. हब आणि ड्रमच्या सांध्यावर स्प्रे ऑइल मारावे, थांबावे, मग स्टडच्या मधल्या सपाट भागावर लाकडी ठोकळा ठेवून गोल फिरत ठोके द्यावेत.

ड्रम बिडाचा असतो. त्याच्या कडेवर हातोडा मारला तर कपारी उडते किंवा डोळ्याला न दिसणारी तडा जाते. ती तडा पुढे घाटात उघडते. डिझेल किंवा पेट्रोल ओतून, टेंभा लावून ड्रम तापवू नये. आत रबर आणि ब्रेक ऑइल असते आणि शेजारी टायर असतात.

हबसोबत निघणारा प्रकार

हे काम शक्यतो मेस्त्रीकडून करून घ्यावे. समोर उभे राहून पुढील गोष्टी होत आहेत का ते पाहावे.

- ॲक्सल शाफ्टचे बोल्ट काढल्यावर फ्लँजला हलके ठोके देऊन शाफ्ट सोडवला जातो. फ्लँजच्या फटीत छिन्नी घालून उचकटले तर तिथून पुढे ऑइल गळत राहते.
- शाफ्ट काढताना डिफरन्शियलचे ऑइल येते. खाली ट्रे असावा. ते ऑइल लायनरवर जाऊ देऊ नये.
- बेअरिंग नटची लॉक वॉशर सरळ करून नट योग्य बॉक्स पान्याने सोडावा. छिन्नी-हातोड्याने नट फिरवणे म्हणजे नट आणि आटे दोन्ही खराब करणे.
- हब आणि ड्रम मिळून खूप जड असतात. दोघांनी सरळ रेषेत बाहेर घ्यावे, नाहीतर बाहेरचे बेअरिंग जमिनीवर पडते.
- बसवताना ऑइल सील नवीन असावे. बेअरिंग धुऊन, तपासून, नवीन ग्रीस भरावे.
- बेअरिंगचा नट हब फिरवत फिरवत आवळून मग माहितीपुस्तिकेत दिले आहे तेवढा मागे घ्यावा आणि लॉक करावा. जास्त घट्ट असेल तर बेअरिंग तापून जळते, सैल असेल तर चाक डुलते आणि सील फाटते.

ड्रम निघाल्यावर लगेच पाळायच्या दोन गोष्टी

पेडल दाबू नये. ड्रम नसताना पेडल दाबले तर व्हील सिलेंडरचे पिस्टन बाहेर उडतात, ऑइल सांडते आणि हवा शिरते. केबिनमध्ये कोणी बसणार नाही याची व्यवस्था करावी.

धूळ फुंकू नये. जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असू शकते. त्याचे बारीक तंतू श्वासातून फुफ्फुसात जाऊन राहतात आणि वर्षांनंतर आजार देतात. कॉम्प्रेसरची हवा मारून ड्रम साफ करण्याची सवय यासाठीच सोडावी. मास्क लावावा, पाण्याची फवारणी करून धूळ ओली करावी आणि फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधून टाकावे.

काय तपासावे?

लायनर : रिव्हेटचे लायनर असेल तर सर्वांत झिजलेल्या जागी रिव्हेटच्या डोक्यापर्यंत किती जाडी उरली ते पाहावे. ती १ मिलिमीटरच्या आसपास आली असेल तर लायनर बदलावे. रिव्हेट ड्रमला घासू लागले की ड्रमवर खोल चरे पडतात आणि खर्च वाढतो. लायनर तडकलेले, कडेने सुटलेले किंवा काचेसारखे चकाकणारे असेल तरीही बदलावे. लायनर नेहमी एका ॲक्सलच्या दोन्ही बाजूंचे एकाच वेळी आणि एकाच प्रतीचे घालावे.

ऑइल लागलेले लायनर : पेट्रोलने धुऊन किंवा पेटवून ते कोरडे दिसते, पण ऑइल आत मुरलेले असते. ब्रेक तापला की ते पुन्हा वर येते. असे लायनर बदलावेच लागते. पण आधी ऑइल कुठून आले ते शोधावे, नाहीतर नवे लायनरही महिन्यात भिजेल.

- पातळ आणि पाण्याने धुऊन जाणारे असेल तर ते ब्रेक ऑइल. व्हील सिलेंडर गळतो आहे.
- घट्ट, उग्र गंधकी वासाचे आणि पाण्याने न जाणारे असेल तर ते डिफरन्शियलचे ऑइल. हबचे किंवा शाफ्टचे सील गेले आहे. सील बदलूनही पुन्हा गळत असेल तर हाऊसिंगचे हवा जाण्याचे छिद्र चिखलाने बुजले आहे का ते पाहावे. चिखलाच्या रस्त्यावरच्या गाड्यांत ते बुजू शकते.
- लोण्यासारखे असेल तर ते ग्रीस. बेअरिंगमध्ये जास्त भरले आहे किंवा सील फाटले आहे.

व्हील सिलेंडर : रबरी टोपीची कड हलकेच उचलावी. आत ओल असेल तर सिलेंडर दुरुस्त करावा किंवा बदलावा. एका बाजूचा गेला असेल तर दुसऱ्या बाजूचाही तपासावा.

ड्रम : आतला पृष्ठभाग बोटाने चाचपावा. खोल चरे, निळसर डाग आणि बारीक जाळीदार भेगा या अति तापल्याच्या खुणा आहेत. आरपार तडा असेल तर ड्रम भंगारात द्यावा. त्याला वेल्डिंग करून वापरू नये. चरे असतील तर लेथवर फिरवता येतो, पण कमाल व्यासाच्या मर्यादेतच. ही मर्यादा ड्रमवर कोरलेली असते किंवा माहितीपुस्तिकेत दिलेली असते. त्यापुढे कापलेला ड्रम पातळ होतो, लवकर तापतो आणि फुटू शकतो. दोन्ही बाजूंचे ड्रम सारख्या मापाचे ठेवावेत.

स्प्रिंगा, पिना, ब्रेक पाईप : ताणलेली किंवा गंजलेली स्प्रिंग बदलावी. रबरी पाईप वाकवून पाहावा, भेगा दिसल्या तर बदलावा.

परत बसवताना

- शू ज्या जागी प्लेटला घासतात तिथे उष्णता सहन करणारे ग्रीस अगदी थोडे लावावे. लायनरला आणि ड्रमच्या आत ग्रीसचा हातही लागू देऊ नये.
- हबचा गोल आणि ड्रमची बैठक तारेच्या ब्रशने साफ करावी. इथे गंज किंवा खडा राहिला तर ड्रम तिरका बसतो आणि पेडलला धडधड जाणवते.
- ॲडजस्टर फिरवत ड्रम हाताने जखडेपर्यंत आणावा, पेडल दोन-तीनदा दाबून शू मध्यावर बसू द्यावेत, मग ड्रम मोकळा फिरेपर्यंत ॲडजस्टर मागे घ्यावा. हँडब्रेकची वायर सर्वांत शेवटी ताणावी.
- सिलेंडर किंवा पाईप उघडला असेल तर हवा काढावी. साधारणपणे सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. माहितीपुस्तिकेत वेगळा क्रम असेल तर तो पाळावा. हवा काढताना टाकी रिकामी होऊ देऊ नये.
- ब्रेक ऑइल झाकणावर लिहिले आहे त्याच प्रतीचे घालावे. नव्या डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असतो. ओलावा शोषल्यावरची त्याची मर्यादा किमान १४० अंश आहे. म्हणून उघडी राहिलेली बाटली वापरू नये आणि साधारण दोन वर्षांनी सगळे ऑइल बदलावे. इंजिन ऑइल किंवा हायड्रॉलिक ऑइल चुकूनही घालू नये, त्याने सगळी रबरे फुगतात.
- दोन चाकांच्या मध्ये येणाऱ्या पृष्ठभागांवर माती, गंजाचे पापुद्रे किंवा रंगाचा जाड थर नसावा. तो दबला की नट सैल होतात.
- नट समोरासमोरच्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत आवळावेत. शेवटची आवळणी चाक जमिनीवर टेकल्यावर माहितीपुस्तिकेतल्या टॉर्कप्रमाणे करावी. ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा आवळावेत. जोडचाकाच्या गाडीत ही दुसरी आवळणी राहून गेली तर स्टड तुटून चाक निखळू शकते.

चाचणी

गाडी सुरू करण्यापूर्वी पेडल अनेकदा दाबून ते वर आणि कडक झाल्याची खात्री करावी. मग रिकाम्या, सपाट रस्त्यावर अगदी हळू वेगात ब्रेक लावून पाहावा. गाडी सरळ थांबली पाहिजे. नंतर हलक्या चढावर हँडब्रेक तपासावा. ८-१० किलोमीटर फिरून आल्यावर हबजवळ हात नेऊन उष्णता पाहावी, लगेच हात टेकवू नये. एक बाजू जास्त तापली असेल तर शू घासत आहेत.

नवीन लायनर ड्रमला पूर्ण टेकायला २००-३०० किलोमीटर लागतात. तोपर्यंत भरलेली गाडी घाटात नेऊ नये. म्हणूनच ब्रेकचे काम माल भरायच्या आदल्या संध्याकाळी काढू नये.

ब्रेक चांगले, पण चालवणे चुकीचे

नवीन गाडीला बाजारात येण्याआधी ब्रेकची चाचणी पार करावी लागते. वाहनांच्या अशा चाचण्या करणारी व्हीआरडीई ही केंद्र सरकारची संस्था आपल्या अहिल्यानगरलाच आहे. पण ती चाचणी ठरवून दिलेल्या भारावर होते. आपण त्यावर टनभर कांदा जास्त टाकला की ती चाचणी आपल्या गाडीला लागू राहत नाही. जादा भारासाठी मोटार वाहन कायद्यात २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे. घाटात त्याची किंमत याहून मोठी असते.

घाट सुरू होण्यापूर्वीच गिअर कमी करावा. उतरताना न्यूट्रल करू नये आणि इंजिन बंद करू नये, कारण इंजिन बंद झाले की ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत थोड्याच वेळात संपते. पेडलवर पाय सतत टेकवून ठेवण्याऐवजी ब्रेक लावून वेग कमी करावा आणि सोडावा. करपट वास आला किंवा पेडल खोल गेले तर सुरक्षित जागी थांबावे. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नये, बीड तडकते. अर्धा-पाऊण तास थांबल्याने बाजारभाव हुकत नाही.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

कांदा काढणी, साठवणूक किंवा विक्री व्यवस्थापनाच्या कार्यक्रमात वाहतुकीसाठी अर्धा तास ठेवावा. शेतकरी उत्पादक कंपनीची गाडी असेल तर हंगामापूर्वी एक ड्रम सर्वांसमोर उघडून दाखवावा. जवळच्या आयटीआयचे मोटार मेकॅनिकचे शिक्षक आणि गावातले अनुभवी मेस्त्री यात मोलाची मदत करू शकतात. झिजलेले लायनर, निळा पडलेला ड्रम आणि फाटलेले सील हातात घेऊन पाहिले की ते लक्षात राहते. प्रत्येक गाडीसाठी एक वही ठेवावी : ड्रम कधी उघडला, किलोमीटर किती होते, लायनरची जाडी किती उरली, ब्रेक ऑइल कधी बदलले. मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. ही वही त्या वेळीही उपयोगी पडते.

थोडक्यात लक्षात ठेवा

- गाडी रिकामी, जागा टणक, पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे.
- जॅकवर काम नाही, घोडीवरच.
- हँडब्रेक सोडा, शू आत घ्या, मगच ड्रम ओढा.
- ड्रम काढलेला असताना पेडलला पाय लावू नका, धूळ फुंकू नका.
- गळतीचे मूळ शोधल्याशिवाय नवे लायनर घालू नका.
- १०० किलोमीटरच्या आत चाकाचे नट पुन्हा आवळा.
- हब आणि बेअरिंग उघडावे लागत असेल आणि सराव नसेल, तर तिथेच थांबा आणि मेस्त्रीला बोलवा.